कोझुमेलला जहाज लागलं की: ऑल-इन्क्लुझिव्ह बीच क्लबला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

गॅल्व्हस्टन किंवा मायामीहून सुटणाऱ्या पश्चिम कॅरिबियन क्रूझच्या वेळापत्रकात कोझुमेल हे नाव हमखास सापडतं. मेक्सिकोच्या किंताना रो राज्यातलं हे बेट, साधारण 48 किलोमीटर लांब आणि 16 किलोमीटर रुंद. जहाज सकाळी लागतं, संध्याकाळी सुटतं. मधल्या वेळात काय करायचं, यावर ह्यूस्टन-डॅलसकडच्या मराठी घरांत क्रूझच्या आधी महिनाभर खल चालतो. कोणाला डायव्हिंग करायचं असतं, कोणाला माया लोकांचे अवशेष बघायचे असतात, आणि भारतातून आलेल्या आईबाबांना सावलीत बसून समुद्र बघता आला तरी पुरे असतं. हा लेख त्या तिसऱ्या बेतासाठी आहे.

बीच क्लबचा प्रकार सोपा आहे. एकदाच ठरलेली रक्कम भरायची आणि मनगटावर पट्टी बांधून घ्यायची. मग दिवसभर आरामखुर्ची, सावली, पोहण्याचा तलाव, किनारा, स्वच्छतागृह, जेवण आणि पेयं या सगळ्याचे पैसे त्यातच आले. तरी जहाजातून खाली उतरल्यापासून परत चढेपर्यंत किनाऱ्यावर प्रत्यक्षात चार-पाच तासच मिळतात. ते कुठे गळतात आणि कुठे वाचवता येतात, हे कळलं की निम्मं काम झालं.

पास घ्यायचा का, हे आधी ठरवा

मोठ्या माणसाचा पास साधारण 60 ते 80 डॉलरच्या घरात असतो आणि मुलांचा स्वस्त पडतो. दर हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून बुकिंगच्या दिवशीचा आकडाच खरा धरा. काही क्लबांत दुसरा पर्यायही असतो: आत जायला थोडे पैसे किंवा अमुक इतकं खायलाच हवं अशी अट, आणि पुढे जे मागवाल त्याचं बिल.

दोन-तीन कॉकटेल, पोटभर जेवण आणि मध्ये काहीतरी चटरफटर, एवढं होणार असेल तर पास परवडतो. घरात कोणीच दारू घेत नसेल आणि दोघं-तिघं शाकाहारी असतील, तर नुसत्या हिशेबात बिलाचा पर्याय बहुतेक वेळा स्वस्त पडतो. तरीही माझं मत पासच्या बाजूने झुकतं, ते पाहुण्यांमुळे. ज्यांची आजी-आजोबा मंडळी प्रत्येक लिंबूपाण्याची किंमत रुपयांत काढून ‘मला नको, तुम्ही घ्या’ म्हणतात, त्यांनी पासच घ्यावा. पैसे आधीच गेलेले असले की गुणाकार थांबतो आणि ग्लास हातात येतो.

उलट बाजूही सांगतो. पैसे वसूल करायचेच अशा जिद्दीने जाणारा माणूस दुपारी दोनला उन्हात पाचव्या मार्गारिटा कॉकटेलशी झुंजत असतो. पास म्हणजे पैज नव्हे.

क्लब कुठला

बहुतेक क्लब बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर आहेत. जहाजांच्या धक्क्यांपासून दक्षिणेकडे जाणाऱ्या किनारी रस्त्याने गेलं की एकामागून एक लागतात. पश्चिम बाजूला समुद्र शांत असतो, कारण बेट स्वतःच आडोसा देतं. पूर्वेची बाजू उघडी आहे. तिथे लाटा मोठ्या असतात आणि प्रवाहही धोक्याचे, त्यामुळे बघायला सुंदर असली तरी पोहायला नको.

मेक्सिकोच्या या किनारपट्टीवर काही वर्षांपासून सरगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ ढिगांनी वाहून येतं आणि कुजलं की वास मारतं. ते मुख्यतः पूर्वेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यांवर साचतं. कोझुमेलचे क्लब पश्चिमेला असल्यामुळे सहसा यातून सुटतात. कोस्टा माया बंदरावरचे किनारे पूर्वेकडे तोंड करून असल्याने तितके सुटत नाहीत. तुमच्या क्रूझमध्ये दोन्ही बंदरं असतील, तर किनाऱ्याचा दिवस कोझुमेलला ठेवा.

नावं घ्यायची तर नाची कोकोम हा पाहुण्यांची संख्या मर्यादित ठेवणारा, त्यामुळे शांत. तिथे आयत्या वेळी जागा मिळेल या भरवशावर जाऊ नका. मिस्टर सांचोज मोठा आणि गजबजलेला, संगीतही जोरात. कॉलेजातली पोरं बरोबर असतील तर त्यांना तोच आवडेल. पॅराडाइज बीचला मोठा तलाव आणि पाण्यावर तरंगणारी फुगवलेली खेळणी आहेत, म्हणून लहान मुलांच्या घरांत त्याचं नाव निघतं. फोटो सगळ्यांचे सारखेच देखणे असतात. ते बाजूला ठेवून तीनच गोष्टी तपासा: पाण्यात उतरताना तळाला वाळू आहे की खडक, टॅक्सीपासून खुर्चीपर्यंत पायऱ्या किती, आणि पासात छत्री धरलेली आहे की तिचे वेगळे पैसे.

बुकिंग

दोन रस्ते आहेत. पहिला, जहाजाच्या कंपनीकडून सहल म्हणून घ्यायची. पैसे जास्त पडतात, पण नेणं-आणणं त्यात येतं आणि त्यांची बस उशिरा आली तर जहाज थांबतं किंवा पुढची सोय कंपनी करते. दुसरा, क्लबच्या संकेतस्थळावरून थेट. थोडी अनामत आधी भरायची आणि बाकीचे पैसे तिथे पोचल्यावर. हे स्वस्त पडतं आणि कधी निघायचं हे तुमच्या हातात राहतं. पण उशीर झाला तर तो सर्वस्वी तुमचा.

पहिल्याच क्रूझवर, बरोबर सत्तरीपुढचं माणूस असेल तर मी जहाजाची सहल घ्यायला सांगेन. बाकीच्यांनी थेट बुकिंग करावं. कोझुमेलचे रस्ते सरळ आहेत, टॅक्सी मुबलक आहेत आणि क्लब धक्क्यापासून पंधरा-वीस मिनिटांवर आहेत.

थेट बुकिंग करताना एक अट मात्र वाचाच: जहाज बंदराला लागलंच नाही तर पैसे परत मिळतात का? असं होतं. हिवाळ्यात उत्तरेकडून ‘नोर्ते’ नावाचे जोरदार वारे सुटतात, जून ते नोव्हेंबर वादळांचा मोसम असतो, आणि कप्तानाला धक्का धोक्याचा वाटला की तो बंदर सोडून पुढे जातो. क्रूझवर येणाऱ्यांवरच चालणाऱ्या चांगल्या क्लबांना हे ठाऊक असतं, ते बिनबोभाट पैसे परत करतात. अट स्पष्ट लिहिलेली नसेल तर दुसरा क्लब बघा.

कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा व्हिसा लागतो. पण अमेरिकेचा वैध व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर वेगळा काढावा लागत नाही. भारतातून आलेल्या आईबाबांचा अमेरिकी व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना, हे बघून घ्या, कारण क्रूझ संपल्यावर ते अमेरिकेत नव्याने प्रवेश करत असतात. एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर असणाऱ्यांच्या पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला असेल तर क्रूझचे पैसे भरण्याआधी कंपनीच्या वकिलाला विचारा. मेक्सिकोचा नियम एक आणि कॅरिबियन बेटांचा दुसरा आहे, आणि तुमच्या जहाजाच्या वाटेत दोन्ही असू शकतात.

अमेरिकेत जन्मलेल्या मुलांना, त्याच बंदरात परतणाऱ्या क्रूझवर, जन्मदाखल्यावरही जाता येतं. तरी पासपोर्टच काढा. मेक्सिकोत अडकायची वेळ आली तर परतीच्या विमानात जन्मदाखला चालत नाही.

कोझुमेलला उतरताना जहाजाचं कार्ड आणि फोटो असलेलं एखादं ओळखपत्र जवळ असावं. पासपोर्ट खोलीतल्या तिजोरीत ठेवा, त्याची छायाप्रत आणि फोनवर फोटो बरोबर घ्या.

आदल्या रात्रीची पिशवी

टॉवेल जहाजावरून घ्या. क्लबमध्ये मिळतीलच असं नाही. जहाजाचे टॉवेल तुमच्या नावावर लिहिलेले असतात, हरवले तर खोलीच्या खात्यातून पैसे कापले जातात.

सनस्क्रीन कुठलंही घेऊन चालत नाही, बघून घ्या. किनाऱ्याचा बराच भाग आणि समोरचे प्रवाळ 1996 पासून राष्ट्रीय उद्यानात आहेत. ही प्रवाळरांग मेसोअमेरिकन रीफचा भाग, जगातल्या सर्वांत लांब रीफांत ऑस्ट्रेलियाच्या खालोखाल हिचा नंबर. ऑक्सिबेंझोन, ऑक्टिनोक्सेट असली रसायनं असलेली क्रीम तिथे नको. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं घ्या. चेहरा थोडा पांढुरका दिसतो, चालायचंच. त्याहून बरा उपाय म्हणजे लांब बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट. कोझुमेल जवळजवळ मालेगावच्या अक्षांशावर आहे, म्हणजे तिथलं ऊन काही कौतुकाचं नाही. पण वारा वाहत असल्याने ते जाणवत नाही आणि पाण्यावरून परतून पुन्हा अंगावर येतं.

पोशाखाचा प्रश्न आपल्याकडच्या काकू-मावश्यांना हमखास पडतो. लांब बाह्यांचा टॉप आणि पोहण्याच्या कापडाची लेगिंग घालून खुशाल पाण्यात जा, कोणी वळूनही बघत नाही. सुती कुर्ता किंवा सलवार मात्र नको. ओली झाली की जड होते, पायांत अडकते, आणि तलावाजवळचा कर्मचारी येऊन नम्रपणे बाहेर काढतो.

एक आणि पाच डॉलरच्या सुट्या नोटा बऱ्याच घ्या. अमेरिकन नाणी टिप म्हणून देऊ नका, तिथल्या माणसाला ती बँकेत बदलून मिळत नाहीत. फोनसाठी पाणी न शिरणारी पिशवी, पायात भिजले तरी चालतील असे बूट, टोपी, आणि रोजच्या गोळ्या एक दिवसापुरत्या.

आता जे घ्यायचं नाही ते. डब्यातले ठेपले, पोळीभाजी, जहाजाच्या बुफेवरची फळं किंवा सँडविच खाली नेता येत नाही. शेतीमालाचे नियम कडक आहेत, धक्क्यावर पिशव्या तपासल्या जातात. कारखान्यात सीलबंद झालेलं बिस्किटाचं किंवा चिवड्याचं पाकीट चालतं. ई-सिगारेट खोलीतच ठेवा, मेक्सिकोत ती आणायला बंदी आहे. साधी सिगारेटसुद्धा जानेवारी 2023 पासून तिथल्या सार्वजनिक किनाऱ्यांवर ओढता येत नाही.

घड्याळ

हा भाग घाईत वाचू नका. किंताना रो राज्याने फेब्रुवारी 2015 मध्ये आपली वेळ बदलली आणि तिथे उन्हाळा-हिवाळा घड्याळ पुढेमागे होत नाही. अमेरिकेत होतं. त्यामुळे उन्हाळ्यात मायामीहून आलेल्या जहाजाचं घड्याळ कोझुमेलच्या एक तास पुढे असू शकतं. तुमच्या फोनने बेटावरचं नेटवर्क पकडून आपोआप वेळ बदलली तर फोन साडेतीन दाखवतो आणि जहाजावर साडेचार वाजलेले असतात. गॅल्व्हस्टनहून उन्हाळ्यात गेलात तर दोन्ही वेळा जुळतात. हिवाळ्यात बेट एक तास पुढे असतं, त्याचा त्रास एवढाच की तुम्ही विनाकारण लवकर पोचता. काही जहाजं स्थानिक वेळेप्रमाणे घड्याळ फिरवतात, काही नाही. कप्तान सकाळी ध्वनिक्षेपकावर सांगतो ती वेळ खरी.

उपाय साधा आहे. फोनमधली आपोआप वेळ बदलण्याची सोय रात्रीच बंद करा, आणि घरात कोणाकडे काट्यांचं मनगटी घड्याळ असेल तर ते जहाजाच्या वेळेला लावून बरोबर न्या. आजोबांकडे असतंच. दिवसभराच्या वेळेची जबाबदारी त्यांच्याकडे सोपवा, ते ती चोख पार पाडतील.

रोजच्या पत्रकावर ‘सर्वांनी परत यावं’ अशी वेळ छापलेली असते, ती जहाज सुटण्याच्या साधारण अर्धा तास आधीची. त्या छापील वेळेच्या दीड तास आधी क्लबमधून निघायचं. त्याच पत्रकावर बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा.

उतरण्यापासून खुर्चीपर्यंत

कोझुमेलला जहाजं थेट धक्क्याला लागतात, होडीतून किनाऱ्यावर जावं लागत नाही. धक्के तीन आहेत: पुंता लांगोस्ता सान मिगेल गावातच, आणि इंटरनॅशनल व पुएर्ता माया हे गावाच्या दक्षिणेला, क्लबांच्या बाजूला. तुमचं जहाज कुठे लागणार ते पत्रकात बघा. पुंता लांगोस्ताला लागलं तर टॅक्सीचं भाडं आणि वेळ दोन्ही थोडी वाढतात.

जहाजाचा दरवाजा उघडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात रांगा लांब असतात. लवकर नाश्ता करून पहिल्या लोंढ्यात उतरा. नाहीतर सरळ तासभर उशिरा. अधलीमधली वेळ सगळ्यात वाईट.

धक्का संपला की तुम्हाला दुकानांच्या गल्लीतूनच जावं लागतं. वाटच तशी काढलेली असते. कोणी चांदीच्या साखळ्या पुढे करतं, कोणी तकिलाचा इवलासा ग्लास, कोणी डोक्यावर टोपी ठेवून आरसा धरतं. मान हलवून ‘नो, ग्रासियास’ म्हणायचं आणि चालत राहायचं. ‘बाहेर जाताना बघू’ असं म्हणू नका, ते चेहरा लक्षात ठेवतात.

पुढे टॅक्सीचा थांबा. इथल्या टॅक्सींना मीटर नसतो, भाडी विभागवार ठरलेली असतात आणि फलकावर लावलेली असतात. भाडं माणशी नसून गाडीचं असतं, साधारण चार जणांपर्यंत. पाच-सहा जण असाल तर व्हॅन मागा. थांब्यावरच्या माणसाला क्लबचं नाव सांगा, आकडा विचारा, तो फलकाशी जुळला की बसा. आकडा डॉलरमध्ये आहे की पेसोमध्ये हेही विचारून घ्या, दोघांचं चिन्ह एकच आहे. चालक वाटेत ‘त्याहून चांगला क्लब माझ्या ओळखीचा आहे’ असं सुचवेल, तर हसून बुकिंगचा कागद दाखवा. परतीसाठी त्याला थांबवून ठेवायची गरज नाही. दुपारी क्लबच्या दारात टॅक्सी लागलेल्याच असतात.

स्कूटर भाड्याने घेऊन जायचा मोह तरुणांना होतो. पुण्यात दहा वर्षं चालवली असली तरी नको. मेक्सिकोत अपघात झाला की विमा, पोलीस आणि जहाजाची वेळ यांची गाठ तुमच्याच्याने सुटणार नाही.

क्लबमध्ये

पट्टी बांधून झाली की खुर्ची निवडायची, आणि इथे दोन मिनिटं विचार करा. झावळ्यांनी शाकारलेल्या छत्र्या असतात. सकाळी दहाला छत्रीची सावली समुद्राच्या बाजूला पडते, म्हणून लोक तिथे खुर्च्या ओढतात. किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. एकनंतर ऊन समुद्राकडून येतं आणि सावली मागे सरकते. म्हणून छत्रीच्या खोडाच्या मागे, जमिनीच्या बाजूला जागा असलेल्या खुर्च्या धरा, म्हणजे आईबाबांना दुपारी उठवावं लागणार नाही.

बसल्याबरोबर तुमचा वेटर येऊन नाव सांगतो. दिवसभर बहुतेक तोच असतो. पहिल्या फेरीलाच त्याच्या हातात दोन-पाच डॉलर ठेवा आणि पुढे प्रत्येक फेरीला एखादा. टिप पासात धरलेली आहे असं लिहिलेलं असलं तरी द्या. या लोकांचं घर पगारापेक्षा टिपेवर चालतं.

पासात काय येत नाही, हे त्यालाच विचारून घ्या. मालिश, जेट स्की, पॅराशूट, लॉबस्टर, महागडी तकिला, लॉकर, आणि पोपट खांद्यावर ठेवून काढलेला फोटो, हे बहुतेक ठिकाणी वेगळं. पोपटवाला पक्षी आधी खांद्यावर ठेवतो आणि पैसे नंतर सांगतो. लांबूनच हात आडवा करा.

जेवण, विशेषतः शाकाहारींचं

‘व्हेज’ या शब्दावर विसंबू नका. मेक्सिकोत कार्ने म्हटलं की बहुधा बीफ समजतात. ‘नो कार्ने’ सांगितलंत तर चिकन येऊ शकतं, आणि आणणाऱ्याला त्यात काही चूक वाटणार नाही. ‘सोय बेहेतारियानो’ म्हणा (बाई असाल तर ‘बेहेतारियाना’) आणि पुढे यादीच द्या: सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन मारिस्कोस. म्हणजे बीफ, चिकन, मासे आणि कोळंबी-कालवं काहीही नको. अंडं चालत नसेल तर सिन वेबो. कांदा-लसूण टाळणाऱ्यांनी सिन सेबोया, सिन आहो.

फसायच्या जागा चार. वाटून परतलेला राजमा, म्हणजे फ्रिहोलेस, बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परततात. ‘तिएने मान्तेका?’ असं विचारा, होकाराची मान हलली तर नको म्हणा. लाल भात अनेकदा चिकनच्या पाण्यात शिजवलेला असतो, त्याला ‘काल्दो दे पोयो?’ सूप जवळपास सगळीच मांसाच्या पाण्याची. आणि सेविचे दिसायला थेट कोशिंबीर: कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, लिंबू. पण त्यातले पांढरे तुकडे लिंबात मुरवलेल्या कच्च्या माशाचे असतात.

निर्धास्त खायचं ते वेगळं, आणि ते भरपूर आहे. मक्याच्या तोर्तिया, म्हणजे पातळ पोळ्या, बघा: मका चुन्याच्या पाण्यात उकळून दळतात, त्यामुळे त्यांना एक वेगळाच वास असतो, गरम असताना नुसत्या मिठाबरोबरही छान लागतात. ग्वाकामोले (अवोकाडोची चटणी), पिको दे गायो (कांदा-टोमॅटोची कोशिंबीर), चीजची केसादिया (तोर्तियात भाजलेलं चीज), भाज्यांचे फाहितास (परतलेल्या भाज्या तोर्तियाबरोबर). निवडुंगाची भाजी, नोपालेस, मिळाली तर नक्की घ्या. बुळबुळीत असते, पण भेंडीवर वाढलेल्या माणसाला त्याचं काय! फळांवर तिखट-मीठ आणि लिंबू लावून देतात, ते तर आपलंच.

पेयांत लाल ‘आग्वा दे हमायका’ मागा. ते लाल अंबाडीच्या फुलांच्या बोंडांचं सरबत. ‘तामारिंदो’ म्हणजे चिंचेचं. दारू न घेणाऱ्या आईबाबांना हे दोन शब्द शिकवून ठेवा, दिवस निघून जातो.

लहान वाटीतल्या नारिंगी किंवा हिरव्या सॉसकडे आदराने बघा. त्यात आबानेरो मिरची असते, युकातान द्वीपकल्पाची खासियत. कोल्हापूरकरांनीही तोर्तियाच्या टोकाला थेंब लावूनच सुरुवात करावी.

मांसाहारींना कोचिनिता पिबिल मिळालं तर सोडू नका. आचियोते (एका झाडाच्या लाल बियांचा मसाला) आणि आंबट संत्र्याच्या रसात मुरवून केळीच्या पानात भाजलेलं डुकराचं मांस. बीफ नको असेल तर यादीत ‘रेस’ हा शब्द शोधून तो टाळा.

मेक्सिकोत दारूचं वय 18, त्यामुळे अमेरिकेत वाढलेल्या तुमच्या एकोणीस वर्षांच्या चिरंजीवांना तिथे ग्लास मिळणार हे गृहीत धरा आणि बोलणं आदल्या दिवशीच करून घ्या. बर्फाच्या गोड कॉकटेलमध्ये दारू कळत नाही. एका ग्लासामागे एक ग्लास पाणी, हा नियम सगळ्यांना.

पाण्यात

क्लबसमोर पाणी निळंशार, पण तळ वाळूचा. म्हणून पोहायला उत्तम आणि मासे बघायला बेताचं. नळी लावून प्रवाळ बघायचं असेल तर क्लबमधूनच पालांकार रीफ आणि एल सिएलोला होडी जाते. पैसे वेगळे आणि वेळ दोन-तीन तास. एल सिएलोला कमरेएवढ्या पाण्यात तारामासे दिसतात. ते हातात उचलून फोटो काढायचा नाही, पाण्याबाहेर काढले की मरतात. ही होडी घ्यायची असेल तर सकाळचीच घ्या. दुपारच्या होडीला इंजिनाचं काही झालं तर तुमच्याकडे मोकळा वेळ उरत नाही.

जीवरक्षक आहे असं धरून चालू नका. मुलांच्या जवळ एक न पिणारं मोठं माणूस, तास वाटून घेऊन.

परतीचं

निघायच्या आधी क्लबमध्येच अंग धुऊन घ्या, वाळू जहाजाच्या खोलीतून निघत नाही. टॉवेल मोजा. चार-पाच जहाजं एकाच दिवशी असतील तर संध्याकाळी धक्क्यापाशी टॅक्सींची रांग रेंगाळते, दीड तासांतला अर्धा तिथे जातो. वर चढताना पिशव्यांची क्ष-किरण तपासणी होते, तिथे दुसरी रांग.

जहाज चुकलंच तर धक्क्यावर धावत, हात हलवत उभं राहू नका. एजंटला फोन करा. खोलीतला पासपोर्ट कर्मचाऱ्यांना सापडला तर तो बहुधा त्याच्याकडे सोपवलेला असतो, आणि पुढच्या बंदराला किंवा घरी कसं जायचं हेही तोच सांगतो. खर्च तुमचा.

तकिलाची बाटली घेतली असेल तर ती चढतानाच जमा करून घेतात आणि शेवटच्या दिवशी देतात. अमेरिकेत शुल्काशिवाय 21 वर्षांवरच्या माणशी एक लिटर चालतं. धक्क्यावरच्या दुकानांत क्युबन सिगार उघडपणे विकतात, पण सप्टेंबर 2020 पासून ते अमेरिकेत आणता येत नाहीत. तिथल्या औषधांच्या दुकानांत ‘चिठ्ठी नको’ म्हणून ज्या गोळ्या दाखवतात, त्या तर हातात घेऊन बघायच्याही नाहीत.